आयसीयूतल्या रक्ताच्या रिपोर्टवरून बेडसोरचा धोका कसा ओळखायचा

सुरगाण्याकडून नाशिकला रुग्ण आणायचा म्हणजे रुग्णवाहिकेत दोन-अडीच तास जातात. त्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात कडक स्ट्रेचरवर एखादा तास गेलेला असतो. इथे आल्यावर कॅज्युअल्टीत आणखी एक, मग सीटी स्कॅनचं टेबल. आयसीयूच्या गादीवर पडेपर्यंत त्याच्या माकडहाडावर पाच-सहा तासांचा दाब येऊन गेलेला असतो आणि त्यातला बराच वेळ बीपी ८०-९०च्या घरात असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्पंजिंग करताना जांभळा डाग दिसतो, म्हणजे बेडसोरची (दाबाने पडणाऱ्या जखमेची) सुरुवात, आणि बोलणी बसतात रात्रपाळीच्या सिस्टरला. खोलवर झालेली इजा कातडीवर उमटायला ४८ ते ७२ तास लागतात. म्हणजे तो डाग बहुधा वाटेतच पडलेला असतो.

अशा रुग्णाच्या पहिल्या दिवशीच्या रक्तात धोक्याची बरीचशी चाहूल असते. फक्त ती पाठीच्या नजरेने कोणी वाचत नाही. लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) सेप्सिससाठी, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गासाठी वाचलं जातं, हिमोग्लोबिन रक्त चढवण्यासाठी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) नातेवाइकांना त्याची बाटली आणायला सांगण्यासाठी. तेच आकडे पाठीसाठी कसे वाचायचे आणि त्यावरून त्या पाळीत काय बदलायचं, ते इथे दिलं आहे. आयसीयूतल्या सिस्टर, ब्रदर आणि नवे रेसिडेंट डोळ्यांसमोर आहेत.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. बेडसोर होणार की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी अजून वापरात नाही. रक्त एवढंच सांगतं की ही कातडी आणि तिच्याखालचा स्नायू किती दाब किती वेळ सोसेल. म्हणून यासाठी नवीन तपासण्या लिहू नका. रोज जे रक्त जातंच त्यातून काम होतं. आयसीयूतल्या रुग्णाचं निव्वळ तपासण्यांसाठी दिवसाला सरासरी ४० मिलीच्या आसपास रक्त काढलं जातं, म्हणजे दहा दिवसांत ४०० मिली. बेडसोरचा धोका बघायला रक्त काढून हिमोग्लोबिन उतरवायचं, हा उलटा कारभार झाला.

ब्रेडेन स्केल भरलेला असताना हे कशाला?

ब्रेडेन, म्हणजे बेडसोरचा धोका गुणांत मोजायचा तक्ता, भरायचाच. तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा रकाने आहेत: जाणीव, ओल, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण. बेरीज ६ ते २३ आणि १८ किंवा त्याखाली आली की धोका. अडचण अशी की व्हेंटिलेटरवर, भूल देऊन ठेवलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण ९ ते १३च्या मध्ये येतो. बारा खाटांच्या आयसीयूत अकरा जण ‘जास्त धोका’ निघाले, तर दोन सिस्टरनी आधी कोणाची कूस बदलायची? शिवाय ब्रेडेनमध्ये रक्ताभिसरणाचा रकानाच नाही. बीपी चढवणारं नॉरॲड्रिनॅलिन (नॉरॲड) चालू असलेला आणि नसलेला, दोघांची बेरीज सारखीच येऊ शकते. ही उणीव रोजचे रिपोर्ट आणि पंपावरचा डोस मिळून भरून काढतात.

आधी नमुना नीट घ्या

नमुना चुकला की पुढचं सगळं वाचन चुकतं आणि ही चूक सर्रास होते. ज्या हातात सलाइन चालू आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त ओढलं की हिमोग्लोबिन, प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि कॅल्शियम सगळंच एकदम खाली येतं. डेक्स्ट्रोज चालू असेल तर साखर ४००-५०० दिसते. रातोरात चार-पाच आकडे एकाच दिशेला पडले आणि रुग्ण मात्र कालसारखाच असला, तर आधी नमुन्यावर संशय घ्या. दुसऱ्या हातातून परत घ्या. सेंट्रल लाइनमधून घेताना त्या लाइनवरची सलाइन दोन मिनिटं थांबवा आणि पहिलं ओढलेलं रक्त नमुन्यात धरू नका. इनोट्रोपच्या (बीपी-हृदय सांभाळणाऱ्या औषधाच्या) लाइनला मात्र यासाठी हात लावायचा नाही.

लॅक्टेटचा नमुना ट्रेमध्ये पडून राहिला तर नळीतल्या तांबड्या पेशी साखर खाऊन लॅक्टेट बनवत राहतात. लॅक्टेट खोटं वाढतं, साखर खोटी उतरते. पंधरा मिनिटांत एबीजीच्या (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर लावा, जमणार नसेल तर बर्फात ठेवा. साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरा. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला तरी लॅक्टेट वाढतं.

ग्लुकोमीटरचंही तसंच. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) खूप उतरलेला असेल तर बोटाची साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. शॉकमध्ये बोटं गार आणि सुजलेली असतील तर तिच्यावर भरवसाच ठेवता येत नाही. अशा वेळी धमनीतल्या रक्तावर बघा.

लॅक्टेट आणि त्यासोबत नॉरॲडचा डोस

पाठीच्या दृष्टीने पहिल्या ४८ तासांत सगळ्यात कामाचा आकडा हाच. २ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेला आणि दुसरं काही कारण नसलं, तर पेशींना प्राणवायू कमी पडतोय असं समजायचं. शरीर अशा वेळी मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं आणि कातडीचं तोडतं. त्यात नॉरॲड्रिनॅलिनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी आवळल्या जातात. निरोगी माणसाच्या माकडहाडाखालची कातडी दाबातून सुटली की लगेच लाल होऊन भरपाई करते. या रुग्णात ती भरपाई होतच नाही. म्हणून त्याला एका कुशीवर दोन तासही जास्त होऊ शकतात.

लॅक्टेट वाढण्याची इतरही कारणं असतात: ॲड्रिनॅलिनचा ड्रिप, वारंवार सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, आकडी येऊन गेलेली असणं, यकृत बिघडलेलं असणं, मेटफॉर्मिन. त्यामुळे एका आकड्यावर धावू नका. चार-सहा तासांनी पुन्हा बघा. उतरत असेल तर बरं. २च्या वर अडकून बसलं असेल आणि नॉरॲडचा डोस चढत असेल, तर हा त्या दिवशी पाठीसाठी वॉर्डातला पहिल्या नंबरचा रुग्ण.

नॉरॲडवर हाता-पायाची बोटं काळी पडली तर ती बेडसोर म्हणून लिहू नका. तिथे दाब नव्हता, रक्त पोचलं नाही. नोंद वेगळी करा आणि डॉक्टरांना लगेच दाखवा.

हिमोग्लोबिन

मॉनिटरवर ९८ टक्के सॅच्युरेशन दिसलं की सगळ्यांना हायसं वाटतं. हिशेब करून बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली प्राणवायू धरतं. हिमोग्लोबिन १२ आणि सॅच्युरेशन ९८ टक्के असेल तर १०० मिली रक्तात १५.८ मिली प्राणवायू जातो. हिमोग्लोबिन ८ झालं की मॉनिटरवर तेच ९८, पण रक्तात १०.५ मिली. एक तृतीयांश गायब. बीपी ठीक असेल तर हृदय जोरात धावून भरून काढतं, बीपी पडलेलं असेल तर कातडी उपाशी राहते.

याचा अर्थ बेडसोर टाळायला रक्त चढवा असा नाही. १९९९च्या मोठ्या चाचणीनंतर आयसीयूतल्या बहुतेक स्थिर रुग्णांत हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त चढवायचं, ही मर्यादा पाळली जाते. हृदयविकार असेल तर ती वर सरकते आणि तो निर्णय डॉक्टरांचा. आपल्याला एवढंच धरायचं की ७ ते ८च्या मध्ये असलेल्या रुग्णाची कूस बदलायला उशीर चालणार नाही. शिवाय तपासण्यांसाठी लहान मुलांच्या नळ्या वापरता येतात का, तेही विचारा.

अल्ब्युमिन: सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं जाणारं

‘अल्ब्युमिन २.४, म्हणजे खाणंपिणं नाही, म्हणून जखम झाली’ हे वाक्य आयसीयूच्या दाराशी रोज ऐकू येतं. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे वीस दिवसांचं. दोन दिवस उपास घडला म्हणून ते ३.८वरून २.४वर येऊ शकत नाही. एवढ्या झपाट्याने उतरतं ते तीन कारणांनी. जंतुसंसर्गात केशवाहिन्या गळक्या होतात आणि अल्ब्युमिन बाहेर झिरपतं. यकृत ते बनवायचं सोडून सीआरपीसारखी, जंतुसंसर्गात वाढणारी प्रथिनं बनवायला लागतं. आणि आपण तीन-चार लिटर सलाइन दिलेलं असतं, त्यात उरलेलं पातळ होतं. म्हणजे पहिल्या आठवड्यातलं कमी अल्ब्युमिन आजाराचा जोर सांगतं, आहाराबद्दल फारसं काही बोलत नाही. पोषण मोजायला अल्ब्युमिन वापरू नये, अशीच क्लिनिकल न्यूट्रिशनच्या तज्ज्ञांची आता भूमिका आहे.

मग पाठीसाठी ते निरुपयोगी का? तसंही नाही. २.५च्या खाली अल्ब्युमिन असलेल्या रुग्णाच्या पाठीला सहसा सूज असते. रुग्णाला कुशीवर घेऊन माकडहाडावर अंगठा पाच सेकंद दाबा. खड्डा पडून राहिला तर ती सूज. सुजलेल्या कातडीत रक्तवाहिनी आणि पेशी यांच्यातलं अंतर वाढतं, कातडी ताणून पातळ होते आणि चादर ओढताना सोलते. आयसीयूत पाय खाली लोंबत नसल्याने घोट्याला सूज नसते, सगळं पाणी कमरेत उतरतं. घोटा बघून ‘सूज नाही’ असं लिहिणारे खूप.

२० टक्क्यांच्या १०० मिली बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं आणि ते महाग असतं. यकृताच्या काही आजारांत, पोटातलं पाणी काढताना त्याची खरी गरज असते. बेडसोर टाळायला किंवा भरायला त्याचा उपयोग नाही. केशवाहिन्या गळक्या आहेत तोवर तेही बाहेरच जातं आणि दोन दिवसांनी रिपोर्ट पुन्हा होता तिथे. नातेवाइकांनी ‘सिस्टर, अजून दोन बाटल्या आणू का? पाठीची जखम भरेल ना?’ असं विचारलं, तर ‘काका, ते डॉक्टरांना विचारून घ्या, पण जखम भरायची तर नळीतून जाणाऱ्या फीडकडे बघू या’ हे उत्तर जास्त खरं.

सीआरपी शेजारी ठेवून वाचा

सीआरपीचं अर्धायुष्य साधारण १९ तासांचं. आजाराचा जोर ओसरला की ते दोन-तीन दिवसांत घसरलेलं दिसतं. अल्ब्युमिन त्याच्या शेजारी ठेवलं की चित्र उलगडतं. सीआरपी वर, अल्ब्युमिन खाली: आजार जोरात आहे, सुजेची काळजी घ्या. सीआरपी उतरतंय आणि अल्ब्युमिन स्थिर आहे किंवा हळूहळू चढतंय: गाडी रुळावर आहे. सीआरपी उतरायला लागून काही दिवस झाले, सलाइनही आटोक्यात आहे, तरी अल्ब्युमिन उतरतंच आहे: आता फीडचा तक्ता उघडा. लघवीतून प्रथिन जात नाही ना, तेही विचारा.

प्रीअल्ब्युमिनचं अर्धायुष्य दोन-तीन दिवसांचं असल्याने ते चलाख वाटतं, पण तेही संसर्गात उतरतं आणि मूत्रपिंड बिघडलं की उगाच चढतं. त्यासाठी मुद्दाम बाहेर नमुना पाठवण्यात अर्थ नाही. झिंकचंही तेच, संसर्गात ते आपोआप कमी दिसतं.

साखर, क्रिएटिनिन, सीके

साखर १४० ते १८०मध्ये ठेवायची, हा आयसीयूतला प्रचलित दंडक. १८०च्या वर राहिली की पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत आणि जांघेत, माकडहाडाच्या घडीत बुरशी धरते. लालसर चट्टा, कडेला बारीक पुटकुळ्या, असं दिसलं तर ती बुरशी किंवा ओलीने झालेली कातडीची जळजळ असण्याची शक्यता जास्त. तो बेडसोर नव्हे आणि औषधही वेगळं.

एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) वाचताना नाशिक जिल्ह्यात एक खबरदारी हवी. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात सिकल सेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. अशा रुग्णात, किंवा नुकतंच रक्त चढवलेल्या कोणातही, एचबीए१सीचा आकडा फसवा असतो. सिकलच्या रुग्णाला घोट्याभोवती जुने व्रण असू शकतात. दाखल होतानाच ते लिहून ठेवा, नाहीतर दहाव्या दिवशी ‘आयसीयूत झालेला बेडसोर’ म्हणून तुमच्या नावावर लागतील.

मूत्रपिंडाचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा पाठीला स्वतः काही करत नाही, डायलिसिस करतं. चार तास मशीन चालू असताना ‘लाइन हलेल’ म्हणून कोणी रुग्णाला हात लावत नाही, शेवटी बीपीही पडतं. डायलिसिस सुरू करायच्या आधी कूस बदला, टाचा मोकळ्या करा. मध्ये तासातासाने डोकं, खांदा आणि पाय यांच्याखालची उशी दोन-तीन बोटं सरकवा. तेवढ्याने लाइन हलत नाही.

सीके म्हणजे स्नायू दुखावल्याची खूण. घरात किंवा शेतात बेशुद्ध होऊन रात्रभर एका कुशीवर पडलेला माणूस येतो, तेव्हा ते हजारांत असतं. अशा वेळी ज्या कुशीवर सापडला ती कूस नातेवाइकांना विचारून लिहून ठेवा आणि त्या बाजूचा खुबा, खांदा, घोटा पाच दिवस रोज बघा. त्या कुशीवर शक्यतो झोपवू नका. आकडीने, ऑपरेशनने, स्नायूत दिलेल्या इंजेक्शनांनीही सीके वाढतं, म्हणून एकट्या आकड्यावर निदान नाही. पण पहिल्या तीन दिवसांत उतरत आलेलं सीके काही कारण नसताना पुन्हा चढलं, तर कुल्ला आणि टाच उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर जांभळा डाग दाबाचा की नुसता रक्त साकळल्याचा, असा प्रश्न पडतो. हाडाच्या उंचवट्यावर, त्याच्याच आकाराचा, आजूबाजूपेक्षा घट्ट किंवा लिबलिबीत आणि गरम किंवा गार लागणारा असेल तर दाबाचा धरा. दंडावर, पोटावर, इंजेक्शनच्या जागीही तसेच डाग असतील तर दुसरं.

एक रुग्ण, सात दिवस

समजा, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातला ५५ वर्षांचा, ६० किलोचा रुग्ण आहे. शेतीचं ऑरगॅनोफॉस्फेट औषध पोटात गेलंय, व्हेंटिलेटरवर आहे.

पहिला दिवस: हिमोग्लोबिन १२.८, अल्ब्युमिन ३.६, लॅक्टेट ४.२, सीआरपी १८, साखर २४०, सीके ९००. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन छान दिसतंय, कारण घाम, लाळ आणि जुलाबांनी पाणी गेलंय आणि रक्त घट्ट आहे. या विषबाधेत साखर चढते, स्नायू फडफडल्याने सीकेही चढतं. पाठीसाठी इथे दोनच गोष्टी महत्त्वाच्या: लॅक्टेट ४.२ आणि सतत ओली चादर. ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) लागू पडेपर्यंत चादर तासातासाला बघावी लागते.

दुसरा दिवस: हिमोग्लोबिन १०.४, अल्ब्युमिन २.७, लॅक्टेट १.८, सीआरपी १४०. रक्तस्राव झालेला नाही, चार लिटर सलाइन गेलंय. लॅक्टेट उतरलं ही चांगली बातमी. आता काम पाठीची सूज बघण्याचं.

चौथा दिवस: हिमोग्लोबिन ९.६, अल्ब्युमिन २.४, सीआरपी १६०, लॅक्टेट २.६ आणि नॉरॲड सुरू झालं. फुप्फुसात संसर्ग दिसतोय. पाठीसाठी सगळ्यात वाईट दिवस हाच, कारण सूज, कमी हिमोग्लोबिन आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या एकाच दिवशी आल्या. पहिल्या दिवशीची खोल इजा उमटली असेल तर तीही आता दिसेल. ब्रेडेन मात्र पहिल्या दिवसापासून जागचा हललेला नाही, १०च आहे.

सातवा दिवस: हिमोग्लोबिन ८.६, अल्ब्युमिन २.२, सीआरपी ४५, लॅक्टेट १.३, नॉरॲड बंद. सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि कूस बदलण्याचा वेळ हळूच चार तासांवर जातो. इथेच थांबा. सीआरपी तिसऱ्या हिश्शावर आलं तरी अल्ब्युमिन उतरतंच आहे, म्हणून फीडचा हिशेब काढा.

बेडसोर झालेल्या किंवा होऊ घातलेल्या, पोषण कमी पडलेल्या रुग्णाला दर किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिन आणि ३० ते ३५ कॅलरी लागतात. ६० किलोला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिन. प्रत्यक्ष काय गेलं? २०० मिलीचे सहा फीड धरा. तीन दुधाचे, दर फीडला साडेसहा ग्रॅमच्या आत, म्हणजे १९. दोन डाळीच्या पाण्याचे, फार तर ५. एक नाचणीची पेज, २. झाले २६ ग्रॅम. त्यातले दोन फीड स्कॅनला न्यायचं म्हणून आणि पोटात उरलं म्हणून थांबले असतील तर वीसच्या आसपास किंवा त्याही खाली. तक्त्यात लिहिलेलं फीड आणि पोटात गेलेलं फीड यांचे रकाने वेगळे ठेवा. साय काढलेल्या दुधाची ३० ग्रॅम पावडर मिसळली तर सुमारे १० ग्रॅम वाढतात, एका उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन. कच्चं अंडं नळीतून देऊ नका. तयार प्रथिन पावडर देणं अनेकदा सोपं पडतं. प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या, युरिया वाढलेला असेल तर नक्कीच.

चार-पाच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण फीड देऊ नका. आधी फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघा, थायमिनबद्दल (बी१ जीवनसत्त्वाबद्दल) विचारा आणि मग चढवत न्या. नाहीतर फॉस्फेट कोसळतं आणि व्हेंटिलेटर सुटायला आलेला रुग्ण परत दमतो.

तक्ता आणि त्यावरून ठरणारं काम

ए-फोर कागद आडवा धरा. रकाने असे: तारीख, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, सीआरपी, लॅक्टेट, दिवसातली सगळ्यात जास्त साखर, नॉरॲडचा डोस, ब्रेडेन, पाठ-टाचा कशा दिसल्या, प्रत्यक्ष गेलेलं प्रथिन. शेवटचा आणि सगळ्यात रुंद रकाना ‘आज काय बदललं’. तो रिकामा राहिला तर बाकीचे भरण्यात वेळ घालवू नका. सकाळी ८ला पाळी बदलताना रिपोर्ट आलेले असतात, तेव्हाच भरा.

कोणाकडे आधी जायचं यासाठी साधा ठोकताळा आहे. हा कुठला प्रमाणित स्केल नव्हे, वॉर्डात झटपट ठरवण्यासाठी आहे. लॅक्टेट सहा तासांहून जास्त वेळ २च्या वर किंवा नॉरॲड चालू. हिमोग्लोबिन ८च्या खाली. कमरेला खड्डा पडणारी सूज आणि अल्ब्युमिन २.५च्या खाली. साखर दोनदा १८०च्या वर. पातळ शौच किंवा घामाने सतत ओल. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी असल्या तर दोन तासांना कूस, दर पाळीला पाठ, टाचा आणि नळ्यांखालची कातडी, आणि माकडहाडावर सिलिकॉनचं फोम ड्रेसिंग. ते रोज कडेने उचलून खाली बघायचं आणि परत चिकटवायचं. तीन किंवा जास्त असल्या तर हवेची गादी आजच, उद्यावर नको.

कूस ३० अंशांची. ९०ची केली तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. उशी खांद्यापासून कमरेपर्यंत लावा, मग तळहात माकडहाडाखाली सरकवून बघा. हात अडला तर कूस झाली नाही. दोघांनी चादरीने उचलायचं, ओढायचं नाही. बीपी नाजूक असेल तर हळूहळू फिरवा आणि पाच-दहा मिनिटं मॉनिटर बघा. बीपी बहुधा सावरतं. नाहीच सावरलं तर छोटे-छोटे बदल करत राहा. डोक्याकडची बाजू न्यूमोनिया टळावा म्हणून ३० अंश वर लागते आणि तिथे रुग्ण खाली घसरतो, म्हणून आधी गुडघ्याकडची बाजू उचला, मग डोक्याकडची.

टाचेसाठी पोटरीखाली लांबट उशी, गुडघा किंचित वाकलेला आणि टाच पूर्ण अधांतरी. टाचेखालून कागद सहज सरकला पाहिजे. रबरी हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवायची सवय अजून गेलेली नाही. ती सोडा, दाब त्याच जागी येतो. हवेची गोल रिंगही नको, तिच्या कडेने रक्त अडतं. स्पिरिट-पावडर लावून चोळणं तर नकोच. लाल झालेल्या जागी चोळलं की आतला दुखावलेला भाग आणखी फाटतो.

सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे बोटांच्या मागच्या बाजूने शेजारच्या जागेशी ताडून बघा: गरम, गार, घट्ट, फुगलेली. कातडी जरा ओलसर करून आडव्या उजेडात बघितलं की रंगातला फरक लवकर कळतो. मोबाइलचा टॉर्च पुरतो. ऑक्सिजनच्या मास्कखाली नाकाचं हाड, ट्यूब बांधलेला ओठाचा कोपरा आणि पालथं घातलेल्या रुग्णाचं कपाळ, गाल, हनुवटी, गुडघे हेही त्याच यादीत.

हवेची गादी आली म्हणून सुटलो असं होत नाही. पंपाचं बटण रुग्णाच्या वजनावर लावा. ते सरसकट शेवटच्या टोकाला फिरवलेलं असतं आणि गादी पाटासारखी होते. दर पाळीला गादीच्या खालून, कमरेच्या जागी तळहात घाला. रुग्णाचं हाड आणि तुमचा हात यांच्यात इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. वर रेक्झिन, दोन चादरी, डायपर आणि त्यावर पॅड असे थर चढवले तर हवेचा फायदा त्यातच जिरतो. एक पातळ चादर, एक पॅड, बस. एप्रिल-मेमध्ये रेक्झिनखाली घाम साचतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कडक असते तेव्हा गरम पाण्याची पिशवी बेशुद्ध रुग्णाच्या पायाशी ठेवायची नाही, भाजलेलं त्याला सांगता येत नाही. वीज जाऊन जनरेटर लागला की पंप परत चालू झालाय का ते बघा, पुष्कळदा तो ज्या बोर्डावर असतो त्याला जनरेटरची लाइनच नसते.

आणि कूस बदलल्याच्या सह्या पाळी सुरू होतानाच मारून टाकू नका. सगळ्या सह्या एकाच शाईत, बरोबर दोन-दोन तासांनी, आणि मधे रुग्ण तासभर सीटीला गेलेला. असा तक्ता कोणालाही कळतो.

आयसीयूतून वॉर्डात किंवा दुसऱ्या दवाखान्यात हलवताना शेवटच्या तीन दिवसांचे आकडे, नॉरॲड कधी बंद झालं ती वेळ आणि गेलेलं प्रथिन ट्रान्सफर नोटमध्ये लिहा. परवानगी घेऊन पाठीचा आणि टाचांचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी आणि तारीख ठेवून. ४८ ते ७२ तासांचा हिशेब इथेही लागू आहे, परवाचा दाब वॉर्डात गेल्यावर उमटू शकतो. देणारी आणि घेणारी अशा दोघी सिस्टरनी चादर बाजूला करून, रुग्णाला कुशीवर घेऊन पाठ एकत्र बघायची. सह्या त्यानंतर.